एक जुलैचे महाजन सर

राजपुऱ्याच्या दरवाजाजवळ विजेच्या खांबाला महाजन सरांचा फ्लेक्स लावलाय. हार घातलेला फोटो, वर भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली दोन तारखा. गेल्याची तारीख बरोबर आहे. जन्माची मात्र १ जुलै छापलीय. भाजीची पिशवी घेऊन मी तिथे थांबले, आणि वाईट वाटायच्या आधी मला त्या तारखेचा राग आला. लावणाऱ्यांचा काही दोष नाही. आधार कार्डावर तीच आहे, सेवापुस्तकात तीच आहे. पण सर स्वतः तिथून गेले असते तर खिशातलं पेन काढून त्यांनी ती खोडली असती, हे मी शपथेवर सांगते.

मी शाळेत हिंदी शिकवते. सर गणित शिकवत. आठ वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून होती. वर्गात हिंदी, स्टाफरूममध्ये मराठी आणि भांडताना दोन्ही, अशी आमच्या सीमेवरच्या गावाची रीत आहे. सर मात्र भांडतानासुद्धा सावकाश बोलत. ते आमच्याकडे बदलून आले तेव्हाच थकलेले होते. दोन पायऱ्या चढून आले की "हां, बसू द्या" म्हणून खुर्चीत टेकायचे, चहा बशीत ओतायचे आणि तो पार निवल्यावर प्यायचे. खिशात खडूचे तुकडे बसच्या जुन्या तिकिटात गुंडाळलेले असत. अख्खा खडू ते कुणाला देत नसत. मुलांना फळ्यावर बोलावलं की नखाएवढा तुकडा हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "विचार मोठा कर, खडू लहानच पुरतो."

हा थकवा उन्हाचा किंवा वयाचा नव्हता. समजावण्याचा होता. त्यांच्याकडे एक कोडं होतं, आणि ते जगाला समजावता समजावता त्यांची सगळी नोकरी गेली होती. नवीन माणूस भेटला की नावगाव विचारून झाल्यावर सर विचारायचेच, "एका खोलीत किती माणसं पाहिजे, म्हणजे त्यातल्या कोन्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघायची शक्यता निम्म्याहून जास्त होईन?"

माणूस विचार करायचा. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, त्याचे निम्मे करायचा आणि म्हणायचा, "एकशे ऐंशी-पंच्याऐंशी असतील."

"तेवीस," सर म्हणायचे.

मग तो माणूस हसायचा, आणि सर खुर्ची पुढे ओढायचे.

मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात धरलं. मी म्हटलं, "सर, काहीतरीच काय? माझा वाढदिवस नोव्हेंबरात. तेवीस माणसांत माझ्या दिवसाचा कोण भेटणार मला?"

"हे पहा, इथंच चुकतात सगळे," ते म्हणाले. "तुमचा दिवस कोनी विचारलाच नै, मॅडम. तुमच्यासारखा कोन, हे कोडं नै. कोनासारखाही कोनी, एवढंच आहे. तुम्ही स्वतःला धरून बसले."

मग त्यांनी मला लग्नाच्या मांडवात नेलं. तेवीस पाहुणे आले. प्रत्येकाने प्रत्येकाला एकदाच रामराम घातला. पहिला बावीस जणांना घालेल, दुसऱ्याचे एकवीस उरतील, तिसऱ्याचे वीस. सगळे मिळून किती? मी वहीत बेरीज केली. दोनशे त्रेपन्न आली. सर म्हणाले, "आता दर रामरामाला त्या दोघांना विचारा, बाबांनो, तुमचा दिवस एक आहे का? एका जोडीत हो यायची आशा तीनशे पासष्टात एक, मान्य. पण विचारायचं किती वेळा? दोनशे त्रेपन्न वेळा. तेवढ्यात एकदा तरी हो येईन का नै? माणसं मोजू नका, मॅडम. रामराम मोजा."

मला बेरीज पटली, कोडं पटलं नाही. तसं सांगितल्यावर सर रागावले नाहीत. "सगळ्यांचं असंच होते," म्हणाले आणि निवलेला चहा पिऊन टाकला.

एकदा आमच्या खेळाच्या पाटील सरांनी त्यांना कोंडीत पकडलं. त्या वर्षी आमचा स्टाफ मोजून तेवीस भरला होता. पाटील म्हणाले, "सर, आजच होऊन जाऊ द्या. तुमचं खरं निघालं तर जिलेबी माझ्याकडून." एकेकाने तारीख सांगायला सुरुवात केली. चौथ्या माणसाने १ जुलै सांगितली. सहाव्यानेही १ जुलै. नवव्यानेही. शेवटी तेवीस जणांत सात जण एक जुलैचे निघाले, त्यात पाटील आणि खुद्द महाजन सर. पाटलांनी टेबल वाजवलं. "झालं ना सिद्ध! जिलेबी पक्की!"

सरांचा चेहरा उतरला होता. "नै झालं," ते म्हणाले.

"अहो, दोघं पाहिजे होते, सात निघाले!"

"म्हणूनच नै झालं. कोड्यात सगळे दिवस सारख्या वजनाचे पाहिजे. आपल्याकडे एका दिवसावर अख्खं गाव बसलंय. हा पुरावा नै पाटील, हे गुरुजीचं हस्ताक्षर आहे."

आमच्या भागातल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. शाळा जुलैत उघडायची. आईबापांना पोराची तारीख ठाऊक नसायची. मग गुरुजी वयाचा अंदाज घ्यायचे आणि १ जुलै लिहून मोकळे व्हायचे. वय बरोबर बसायचं, रकाना भरायचा. अजूनही त्या दिवशी आमच्या स्टाफच्या ग्रुपवर केकांची चित्रं पडत राहतात, आणि ज्यांना खरा वाढदिवस ठाऊक आहे ते त्या दिवशी मुकाट घरी बसलेले असतात. जिलेबी आली, सगळ्यांनी खाल्ली. सरांनी खाल्ली नाही. आम्ही त्यांच्यावर मनसोक्त हसलो. मीही हसले.

वर्गातही त्यांची हीच पंचाईत होती. दरवर्षी नववीला ते कोडं घालत, आणि हजेरीपटावरच्या तारखा खोट्या म्हणून मुलांना घरी पिटाळत. "आईले विचारून या. कागद पाहू नका, आईले विचारा." दुसऱ्या दिवशी मुलं जे आणायची ते ऐकायला मी मुद्दाम दारात उभी राहायची. एक म्हणे, इच्छापूरच्या देवीच्या जत्रेतून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. एक म्हणे, केळीचे घड उतरत होते तेव्हा. यावर सर गंभीरपणे विचारत, "मृगबागेचे का कांदेबागेचे?" म्हणजे पावसाच्या तोंडी लावलेल्या केळीचे की पाऊस सरताना लावलेल्या. पोरगं पुन्हा घरी जायचं. सरांच्या पिशवीत जुनी पंचांगं असत. ती उघडून ते महिना, पंधरवडा, जमलं तर दिवस काढत बसायचे. वर्ग निम्माही व्हायचा नाही आणि सहामाही यायची.

मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, कशाला एवढा जीव काढता? मनाने घ्या की तारखा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पंचांगाचं पान दुमडत म्हणाले, "मनानं घेतलेल्या फार झाल्या आता."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

पूजा नववीत आमच्याकडे आली. देडतलाईच्या पुढे डोंगराकडेला एक पाडा आहे, तिथली. आईबाप शेतमजुरी करायचे. पोरगी हुशार म्हणून मावशीने तिला राजपुऱ्यात आपल्या घरी आणलं होतं. वर्गशिक्षक मी. सरांनी कोडं घातलं तेव्हा सगळा वर्ग दीडशे-दोनशे ओरडत होता. पूजा गप्प होती. सरांनी लग्नाचा मांडव फळ्यावर काढला, रामराम सुरू केले, आणि ती मधेच उभी राहून म्हणाली, "सर, मतलब सगळे जण आपलाच दिवस धरून पाहू राह्यले. जोडी कोणीच नाही पाहत."

सर फळ्यापासून टेबलाकडे गेले. मग टेबलाच्या खणातून अख्खा खडू काढून तिच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. उरलेला तास पूजाने घेतला. स्टाफरूममध्ये येऊन ते मला म्हणाले, "मॅडम, एकीले पटलं. पहिल्यांदा." त्या दिवशी त्यांनी चहा गरम प्याला.

दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरून झाले आणि महिन्याभराने पूजाचा फॉर्म रद्द होऊन परत आला. शेरा होता, नोंद दुबार. कॉम्प्युटरला पाड्याजवळच्या दुसऱ्या शाळेतून आणखी एक पूजा सापडली होती. बापाचं नाव राजू, आईचं सुनीता, जन्म १ जुलै, साल तेच; आडनाव तिकडे कुणी लावत नाही. एकाच मुलीने दोन ठिकाणांहून फॉर्म भरलाय असं समजून त्याने नंतर आलेला, म्हणजे आमचा, उडवला होता. दुरुस्तीला शनिवारपर्यंत मुदत होती. आधार कार्डं होती, पण तीही शाळेच्या दाखल्यावरून काढलेली, त्यामुळे त्यांवरही तेच; नंबर वेगळे होते, पण एकाच मुलीची दोन कार्डं निघतात, असं कार्यालयाचं म्हणणं.

मावशी शाळेत आली ती रडतच. "मॅडम, हिचा बाप दहावीपर्यंतच थांबणार होता. साल गेलं तर तो हिले घेऊन जाईन. पोरगा पाहून ठेवलाय त्यानं." पूजा शेजारी उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "सर कुठे आहेत?"

मी आणि सर संबंधित कार्यालयात गेलो. अधिकारी तरुण होता, बाहेरगावचा, हिंदी बोलणारा. आधी तो सरळ म्हणाला, नाव, बाप, आई आणि तारीख चारही जुळतात म्हणजे एक फॉर्म बोगस आहे. सरांनी खुर्ची पुढे ओढली. मला मनात वाटलं, झालं, आता मांडव पडणार. आणि पडलाच. तेवीस पाहुणे, दोनशे त्रेपन्न रामराम. मग सर जिल्ह्यावर आले. परीक्षेला बसणाऱ्या इतक्या मुली, त्यांच्या जोड्या किती होतील? त्यांत पूजा किती, राजू किती, सुनीता किती? मोबाइलवर हिशेब करता करता तो अधिकारी थांबला. "अरे, याने बच्चे नहीं, जोड़ियाँ गिननी हैं! तब तो कहीं न कहीं दो पूजा टकराएँगी ही।" तो खरंच खूश झाला होता. कोडं पटलेला आयुष्यातला दुसरा माणूस सरांना भेटला होता, आणि तोही खुर्चीवर बसलेला. मी सरांकडे पाहिलं. ते खूश दिसत नव्हते.

"मैं तो समझ गया, सर," अधिकारी म्हणाला. "पर ऊपर क्या भेजूँ? संयोग है, ऐसा लिखूँ? कागज़ लाइए कोई पुराना, जिसमें दोनों लड़कियाँ अलग दिखें।"

बाहेर व्हरांड्यात बाक होता. सर त्यावर बसले, ते उठेचनात. मग म्हणाले, "कागद आहे. पाड्यावरच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. दोघींचं नाव एकाखाली एक आहे, एकाच दिवशी घातलेलं."

मी उडालेच. "मग झालं की! तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच घातलं, मॅडम. तुमच्याकडे यायच्या आधी मी तिथंच होतो." ते पुढे म्हणाले, "त्या पानावर एकोणीस पोरं आहे. एकोणीसही एक जुलैचे. खाली सही माझी."

मग त्यांनी तो दिवस सांगितला. पटनोंदणीला पाडा पालथा घालायचा होता. सकाळपासून घरोघर फिरत होते. पहिल्या चार-पाच आयांना त्यांनी नीट विचारलं. एक म्हणाली कपाशी वेचत होते तेव्हा, दुसरी म्हणाली नाल्याला पूर होता. त्याची तारीख कशी काढायची? दुपार झाली. पुढच्या दारात आईने तोंड उघडायच्या आत त्यांनी १ जुलै लिहून टाकलं. "एकदा लिहिलं की हात पुढं सरकते, मॅडम. पुढं मी विचारलंच नै. एक बाई सांगू राह्यली होती, गुरुजी, माह्या पोरीचा दिवस मले पक्का याद आहे. मी म्हटलं, राहू द्या बाई, भरलं मी. थकलो होतो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "माही तारीखही अशीच कोन्या तरी थकलेल्या गुरुजीनं लिहिली. मले चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं."

मी जे बोलले ते मला आजही लागतं. मी म्हटलं, "सर, निवृत्तीला पाच महिने राहिलेत. ते पान दाखवलंत तर चौकशी लागेल. तो अधिकारी समजूतदार आहे. योगायोग म्हणून काहीतरी मार्ग काढू."

"पूजा नाव, हा योगायोग," सर म्हणाले. "राजू योगायोग. सुनीता योगायोग. तारीख योगायोग नै, मॅडम. तारीख मी आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते पाड्यावर गेले, आणि त्या पानाची मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची नक्कल घेऊन दुपारी परतले. कार्यालयात मी सोबत होतेच. अधिकाऱ्याने पान वाचलं. दोन्ही पूजांवर बोट ठेवलं. मग त्याचं बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. "सर, उन्नीस बच्चे, सब एक जुलाई के! इसकी संभावना कितनी होगी?"

"शून्य," सर म्हणाले. "इसीलिए तो लाया हूँ।"

त्यांनी तिथेच बसून लेखी दिलं, की दोन्ही मुली वेगळ्या आहेत, तारखा मी पालकांना न विचारता भरल्या, जबाबदारी माझी. शाळेत आल्यावर म्हणाले, "कोडं समजवायले तीस वर्षं लागली. चूक एका मिनिटात समजली पहा त्यांना." शुक्रवारी पूजाचा फॉर्म मंजूर झाला. पुढच्या आठवड्यात सरांना नोटीस आली.

पूजा दहावी झाली, गणितात शाळेत पहिली आली, आणि बापाने पोरगा पाहायचं तूर्त थांबवलं. सरांची चौकशी मात्र रेंगाळत राहिली. निरोप समारंभ तीस जूनला होता. चौकशी चालू असलेल्या माणसाबद्दल काय बोलावं हे कुणाला कळेना, म्हणून कुणी बोललं नाही. पाटलांनी शाल घातली. सर म्हणाले, "उद्या माहा जन्म आहे म्हणतात, आज निरोप देऊ राह्यले." हसलं कुणीच नाही. मला त्या खोलीत बसवेना. ज्या चुकीवर आमच्यातले सात जण वर्षानुवर्षं केक कापत आले, तिची सजा एकट्याला होत होती, आणि आम्ही समोसे खात होतो.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गेल्या दिवाळीनंतर, बस स्टँडवर. मी भावाकडे निघाले होते. सर देडतलाईच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते. खूप वाळले होते. मांडीवर लांब वही होती.

"कुठे निघालात, सर?"

"पाड्यावर. चाललंय थोडंथोडं." वही त्यांनी माझ्याकडे केली. एका पानावर नावं होती, एकाखाली एक. त्या दिवशीची एकोणीस आणि त्याच दोन वर्षांतली आणखी काही. समोर तारखा, आणि तारखेपुढे बारीक अक्षरात ती कशावरून काढली ते. लसीचं कार्ड. दवाखान्याची चिठ्ठी. नाल्याचा पूर, पंचांगावरून. आमच्या पूजाच्या नावासमोर लिहिलं होतं, आईला पक्का याद.

मी पूजाच्या नावावर बोट ठेवलं. "ही तीच आई का, जिला तुम्ही राहू द्या म्हणालात?"

"तीच. आता गेलो तर चहा केला तिनं. घटकासुद्धा सांगितली." मग ते म्हणाले, "खऱ्या तारखा आता तेवीस झाल्या, मॅडम. बरोबर तेवीस."

मला काय विचारायचं ते कळलं. आणि मनापासून वाटलं, की जुळावी. निदान एक जोडी तरी या माणसासाठी जुळावी. "जुळली का एखादी?"

"नै. एकही नै."

माझा चेहरा पडला असावा. तेच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. निम्म्याला थोडं कमी, पण इतक्या वेळा नै जुळत. कोड्यात तेही आहे. ते कोनी ऐकत नै." त्यांचा चेहरा थकलेला होता, पण मी तो इतका शांत कधी पाहिला नव्हता. "नै जुळली, म्हणजे या वेळी मी मनानं घातलेली एकही नै."

मी वही परत देताना पानाच्या तळाशी एक ओळ दिसली. दिगंबर महाजन. समोरची जागा कोरी होती.

"ही कुणाला विचारणार, सर?"

"कोनाले विचारू? आई होती तोवर विचारलं नै." त्यांनी वही पिशवीत घातली. गाडी लागली होती. ते उठले, दोन पायऱ्या चढून खिडकीजवळ टेकले, आणि "हां, बसू द्या" असं स्वतःशीच म्हटलेलं मला खालून ऐकू आलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात जोडले.

"रामराम, मॅडम."

मीही हात जोडले. माझा रामराम मात्र गाडीच्या आवाजात त्यांच्यापर्यंत पोचला नसावा.